एक नंबर म्हणजे किती

चार वर्षं आम्ही एका छताखाली काम केलं, पण काकाजींनी मला माझ्या नावानं एकदाही हाक मारली नाही. मी रोज नेरहून बसनं यवतमाळला यायचे, म्हणून मी नेर. "नेर, तो फोन उचल." "नेर, जेवली काय?" पहिल्या आठवड्यात मला फार राग आला. मी म्हटलं, काकाजी, मला नाव आहे, गळ्यातल्या कार्डावर छापलेलंही आहे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कार्ड वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "छान नाव हाय. पण नेर म्हटलं का मले समजते, तू कुठून आली अन् तुले कितीची बस पकडाची हाय. नावावरून काय समजते?" तेव्हापासून मी नेरच राहिले.

त्यांची सगळी नोकरी बसस्टँडच्या चौकशी खिडकीत गेलेली. तीस-बत्तीस वर्षं जाळीच्या आत बसून माईकवर गावांची नावं घ्यायची आणि जाळीच्या बाहेरच्या माणसाला त्याची गाडी कुठे आहे ते सांगायचं. निवृत्त झाले आणि आमच्या शेटजींनी त्यांना आर्णी रोडवरच्या आपल्या कारच्या शोरूममध्ये आणून बसवलं. शेटजींचं म्हणणं असं, की जिल्ह्यात हा एकच माणूस आहे ज्याच्याशी भांडायला आलेले लोक पाणी पिऊन परत जातात. कंपनीच्या नियमाप्रमाणे त्यांना पदही मिळालं: ग्राहक समाधान अधिकारी. टेबलावर तशी पाटी आली. काकाजींनी ती वाचली, रुमालानं पुसली आणि उलटी करून ठेवली. म्हणाले, "समाधान माह्या हातचं नाही. चौकशी असन तं करा."

त्यांना काचेची केबिन दिली होती. ते तिथं एक दिवस बसले. दुसऱ्या दिवशी खुर्ची उचलून थेट दाराशी. काच मधे आली की लोक ओरडून बोलतात, आणि ओरडणं आपण पुष्कळ ऐकलं, असं त्यांचं कारण होतं. केबिनमध्ये मग आम्ही पोट्ट्यापोट्ट्यांनी जेवणाचे डबे ठेवायला सुरुवात केली.

खिडकी सुटली तरी खिडकीच्या सवयी सुटल्या नव्हत्या. कोणाला उत्तर देऊन झालं की ते त्याच्या खांद्यावरून मागे पाहत आणि म्हणत, "पुढं." मागे रांग नसली तरी. एकदा शेटजींच्या सौभाग्यवती आल्या आणि शेटजी कुठे आहेत म्हणून विचारलं. काकाजी म्हणाले, "जेवाले घरी गेले. पुढं." बाईंनी वळून मागे पाहिलं, तिथं फक्त कुंडी होती. त्या अजून हा किस्सा सांगतात.

आणि गाडी त्यांच्यासाठी कधी 'रेडी' नव्हती, ती 'लागायची'. वर्कशॉपमध्ये ड्रायव्हरांना बोलावायला एक जुना माईक होता. तो त्यांनी ताब्यात घेतला. सर्व्हिस झाली की सगळ्या शोरूमभर आवाज घुमायचा: "बाभूयगाव, बाभूयगाव. बाभूयगावची पांढरी गाडी धुऊन मागच्या फाटकावर लागलेली हाय." आमच्याकडे ळचा य होतो, त्याला कोणी काही करू शकत नाही. सेल्सची पोरं तोंड दाबून हसायची. पण आमची रिसेप्शनची मॅडम टाय बांधून 'मिस्टर अमुक' पुकारायची तेव्हा चार माणसं एकमेकांकडे पाहायची, आणि काकाजींनी गावाचं नाव घेतलं की बरोबर माणूस पिशवी उचलून उठायचा. एकदा मात्र बाभूळगावचे दोन जण एकाच वेळी बसलेले होते. दोघं उठले आणि एकाच गाडीच्या दोन दारांनी आत जाऊन बसले. दहा मिनिटं गप्पा मारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गाडी एकाचीच आहे.

आम्हाला कंपनीनं दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं. हात जोडायचे, दात दिसतील इतकं हसायचं आणि म्हणायचं, "आपलं मनःपूर्वक स्वागत आहे, मी आपली काय सेवा करू शकते?" काकाजीही त्या ट्रेनिंगला बसले होते, डोळे उघडे ठेवून झोपले होते. दाराशी कोणी आलं की ते विचारायचे, "कोणत्या बसनं आले?" सेल्स मॅनेजरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लाखांची गाडी घ्यायला आलेल्या माणसाला बस विचारता? काकाजी शांतपणे म्हणायचे, "गाडी घ्याले आला म्हणजे त्याच्यापाशी गाडी नाही. मंग तो बसनंच आला असन ना, बाप्पा."

बस कळली की पुढचं सगळं त्यांना कळायचं. कितीला निघाले, कुठे थांबले, काय खाल्लं नसेल. आधी पाणी. मग घरच्या बायांकडे न पाहता, भिंतीशी बोलल्यासारखं, हळू आवाजात: "डाव्या हाताले बाथरूम हाय. स्वच्छ हाय. आतून कडी लागते." त्या परत येईपर्यंत ते कोणत्याही सेल्समनला जवळ फिरकू देत नसत. एका नव्या पोट्ट्यानं घाई केली तेव्हा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन घंटे बसमध्ये बसून आलेल्या बाईले तू वरचं काचेचं छप्पर उघडून दाखवून राह्यला. तिचं ध्यान कुठं असन, भैताडा?" कंपनीच्या तपासणीच्या यादीत टेबलावरच्या फुलांपासून अत्तराच्या वासापर्यंत सगळं होतं, कडी नव्हती. कडी काकाजींनी स्वतः बाजारातून आणून बसवली होती.

आणि एकदा कोणीतरी जागा नाही म्हणून माहितीपत्रकांचे खोके बायांच्या बाथरूममध्ये रचले. पाचव्या मिनिटाला माईकवरून सूचना आली: "बायांच्या बाथरूममधला माल ज्याचा असन त्यानं उचलून न्यावा. प्रवाशायची गैरसोय होऊन राह्यली." शोरूममध्ये तेव्हा एक मोठे डॉक्टर सहकुटुंब बसलेले होते. सेल्स मॅनेजर स्वतः खोके उचलायला धावले.

पण त्यांची खरी ख्याती, किंवा खरी खोड म्हणा, वेगळीच होती. ते खोटी वेळ सांगत नसत.

गाड्यांच्या धंद्यात ही गोष्ट किती अडचणीची आहे ते बाहेरच्यांना कळणार नाही. माणूस विचारतो, गाडी कधी मिळेल? त्याला दसरा सांगायचा. दसरा आला की दिवाळी सांगायची. एकदा त्याचं मन बसलं की तो कुठे जातो? असा सगळ्यांचाच हिशेब. केळापूरचे एक तुरीवाले शेतकरी होते, पांढरकवड्याजवळचं केळापूर, घरातली पहिलीच गाडी. आमच्या पोरानं त्यांना छातीठोक सांगितलं, "दसऱ्याला नक्की." ते खुशीत दाराशी आले तर काकाजी म्हणाले, "दसऱ्याले नाही लागत."

"मंग कवा?"

"आज नाही. ह्या महिन्यात नाही. पुढचं मले माहीत नाही, अन् त्यालेही माहीत नाही. दर शनिवारी मी फोन करतो."

पोरगा रडकुंडीला आला. गिऱ्हाईक गेलंच, असं आम्ही सगळे समजलो. पण केळापूर काकाजींकडे पाहून म्हणाले, "ठीक हाय. शनवारी करा." आणि काकाजींनी खरंच केला. दर शनिवारी अकरा वाजता वही उघडायची आणि ज्यांची गाडी आलेली नाही त्यांना फोन लावायचा, आणि सांगायचं काय, तर काही नाही. "केयापूर काय? आज बी नाही आली. हाव. पुढच्या शनवारी." एवढंच. मी त्यांना म्हटलं, काकाजी, बातमी नसताना फोन कायले करता? तर म्हणाले, "बस लेट असली तं माणूस तासभर बसते. कोणी काही सांगतच नाही म्हटल्यावर दहा मिन्टात खिडकी फोडते."

दोन महिने केळापूरनं ते फोन घेतले. पुढे पुढे तर तेच आधी विचारायचे, तुमच्याकडे पाऊस हाय काय, गुडघा कसा हाय. गाडी लागली त्या दिवशी घरचे अकरा जण आले. ज्या दिवशी गाडी नेली त्याच दिवशी केळापूरच्या देवीसमोर उभी करून फोटो पाठवला.

आणि इथूनच आमची पंचाईत सुरू झाली.

गाडी दिली की आठवड्याभरात कंपनीचा फोन गिऱ्हाइकाला जातो. कुठून जातो देव जाणे, पण एक मुलगी गोड मराठीत विचारते: शून्य ते दहापैकी आपण आम्हाला किती गुण द्याल? नऊ किंवा दहा आले तर आनंद. सात-आठ म्हणजे धरसोड माणूस. सहा किंवा त्याच्या खाली म्हणजे नाराज गिऱ्हाईक, शोरूमवर लाल खूण. आमच्या शोरूमवर लाल खुणा इतक्या की तक्ता पाहून वाटावं इथं गिऱ्हाइकांना मारतात. आणि प्रत्यक्षात लोक आम्हाला हुरड्याला बोलावत होते.

मी फोनवर बसणारी. कारण शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेकाला फोन लावत गेले. बाभूळगावच्या एक निवृत्त बाई होत्या, शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांनी आठ दिले होते. मी विचारलं, बाई, काही चुकलं का? त्या म्हणाल्या, "चुकलं असतं तर आठ दिले असते का? आठ म्हणजे डिस्टिंक्शन." मग दहा का नाही? "मराठीच्या पेपरात पैकीच्या पैकी देत नसतात. माझ्या स्वतःच्या पोरीला कधी दिले नाहीत." एक ताई घाटंजीच्या. त्यांनी सहा दिले. त्यांचं कारण त्यांनी कुजबुजत सांगितलं: नवीन गाडी, अन् आपल्याच तोंडानं दहापैकी दहा म्हणायचं? नजर लागते. चार गुण त्यांनी लेकराच्या गालावर तीट लावावी तसे काढून घेतले होते.

सगळ्यांत मोठी लाल खूण मात्र केळापूरची होती. दहापैकी एक. मी फोन लावला. ते वावरात होते.

"दादा, कंपनीच्या बाईंनी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही किती नंबर दिले?"

"एक नंबर."

"एकच?"

"एकच ना. एक नंबर गाडी, एक नंबर शोरूम, एक नंबर काकाजी. ती पोरगी दुसऱ्यांदा इचारे, 'नक्की एक?' म्या म्हटलं, लिहून घे बाई, एक नंबर."

मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. मग हसू आलं. मग लक्षात आलं की हसण्यासारखं काही नाही, कारण पुढच्या आठवड्यात कंपनीचे साहेब येणार होते.

साहेब आले. तरुण, चकचकीत, हातात टॅब. काकाजींनी दाराशीच विचारलं, "कोणतं गाव?"

"मी? मी बेसिकली पुण्याचा."

"बेसिकली कोणत्या तालुक्यात येते?"

साहेबांना राग आला की नाही ते कळलं नाही, पण त्या दिवसापासून ते 'पुणे' झाले. शेटजींच्या केबिनमध्ये पुण्यानं आकडे दाखवले. मी एक नंबरची भानगड समजावून सांगितली, तीटही सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, सिस्टीममध्ये तीट नाही." तीन महिन्यांत गुण वर आले नाहीत तर समाधान अधिकाऱ्याच्या जागी नागपूरहून प्रशिक्षित माणूस येईल. काकाजींचं वय तसंही नियमात बसत नव्हतं. शेटजी पेपरवेट फिरवत राहिले. त्यांना काकाजी हवे होते, पण शोरूमही हवं होतं.

आता काकाजींना त्या नोकरीची एवढी काय गरज होती, ते सांगते. पोटासाठी नव्हती, पेन्शन होती. त्यांना एकच मुलगा, तोही पुण्यातच. काकू वारल्यापासून तो दर रविवारी फोन करायचा: बाबा, आता एकटे राहू नका, इकडे या. तिथं वेगळी खोली ठेवली आहे, बाग आहे, म्हाताऱ्यांचा कट्टा आहे. आणि काकाजी दर रविवारी सांगायचे, "अरे, कामातून सुटकाच नाही." त्यांना जायचं नव्हतं. तिथं दाराशी बसून कोणाला विचारणार, कोणत्या बसनं आले म्हणून? पण मुलगा मनापासून बोलावतो, त्याला नाही कसं म्हणायचं? मग नोकरी पुढे करायची. "माणसाजवळ एक बहाणा मजबूत पाह्यजे," असं ते मला एकदा म्हणाले होते. 'पुण्याचा फोन आला' असं ते म्हणत तेव्हा मुलाचा की साहेबाचा ते कळत नसे. तोंड दोन्ही वेळा सारखंच उतरलेलं असायचं.

मी त्यांना सोपा उपाय सांगितला. बाकीच्या सगळ्या शोरूममध्ये तेच करतात. गाडी देताना हळूच सांगायचं: फोन येईल, दहा म्हणा. काकाजी म्हणाले, "नाही."

"अहो, पण लोकांना आवडतेच ना आपलं काम? फक्त भाषा शिकवायची."

"नेर, मार्क मागून घेतले का ते मार्क नाही. भीक हाय. पुढं."

मी पुढं सरकले नाही. मी तिथंच उभी राहून त्यांच्याशी भांडले. ते चष्मा पुसत बसले. तेव्हा मी मनात म्हटलं, तुमचं तत्त्व तुमच्यापाशी ठेवा. हा माणूस दाराशी नसलेलं शोरूम मला सहन झालं नसतं, हे खरं कारण. माझ्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं फोनवर घाण शिव्या दिल्या होत्या. तेव्हा त्यांनी रिसीव्हर घेऊन म्हटलं होतं, "हे चौकशीचं टेबल हाय. शिव्याची खिडकी बंद झाली." मी त्या दिवशी राजीनामा लिहिला होता, तो फाडला.

म्हणून त्यांच्या पाठीमागे, ते दोन ते दोन-वीस उघड्या डोळ्यांनी झोपत त्या वीस मिनिटांत, मी फोन करू लागले. नव्या गिऱ्हाइकांना आणि पहिल्या सर्व्हिससाठी येणाऱ्या जुन्यांना, कारण सर्व्हिसनंतरही कंपनीचा फोन जातो. घाटंजीच्या ताईंना म्हटलं, तीट गाडीला लावा, आम्हाला नका लावू. त्या लाजून हसल्या. बाभूळगावच्या बाईंनी मला पंधरा मिनिटं व्याकरण शिकवलं आणि शेवटी म्हणाल्या, बघते. केळापूरशी तर युद्ध झालं.

"दादा, यावेळी एक नंबर म्हणायचं नाही. दहा म्हणायचं."

"दहा नंबर?"

"हो."

"म्हणजे दस नंबरी? बाई, दस नंबरी चोराले म्हणतात. मी काकाजीले चोर म्हणू काय?"

"दस नंबरी नाही हो. दहा. नुसतं दहा म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"अन् कायले म्हणाचं? मले जे वाटते ते मी म्हणीन."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं: नाहीतर काकाजींची नोकरी जाते. मग केळापूर म्हणाले, "असं हाय काय. मंग साऱ्या गावाले सांगतो." मी म्हटलं, गावाला नका सांगू, गावानं गाडी घेतलेली नाही. पण ते नोकरीचं वाक्य मी पुढे सगळ्यांनाच सांगायला लागले. त्याचा उपयोग व्हायचा.

तिमाही संपली. आमचा आकडा असा चढला की विभागात आम्ही पहिले. साहेब सर्टिफिकेट घेऊन येणार असं कळलं. शेटजींनी पेढे मागवले. काकाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि माईक पुसला. दिवसभर ते खुशीत होते, मला दोनदा विचारलं, "लोकायनं खरंच दहा देल्ले?" मी म्हटलं, खरंच दिले. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त लाज वाटत होती.

साहेब यायच्या तासभर आधी बाभूळगावच्या बाई आल्या, वायपर बदलायला. दाराशीच थांबल्या आणि काकाजींना म्हणाल्या, "तुमच्या ह्या फोनवरच्या पोरीमुळे मी आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी दिले. दोन दिवस झोप नाही आली मला. पण म्हटलं, एका माणसाची नोकरी वाचते तर वाचू दे."

काकाजींनी त्यांना पाणी दिलं. खुर्ची दिली. मग माझ्या टेबलाशी आले.

"किती जणायले सांगतलं?"

"सगळ्यांना."

"माही नोकरी जाते म्हणून?"

मी हो म्हटलं. ते म्हणाले, "म्हणजे लोकायनं मले कीव देल्ली. साऱ्या जिल्ह्यात मी कटोरा घेऊन फिरलो, अन् मलेच माहीत नाही." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मग माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, "आणि तुम्ही काय करता? दर रविवारी मुलाला काय सांगता? केळापूरला गाडी येणार नाही हे तोंडावर सांगता, आणि पोटच्या पोराला मी येणार नाही एवढं सांगता येत नाही. जे काही केलं ते तुमचा बहाणा वाचवायला केलं मी." बोलून गेले आणि जीभ चावली. ते वळून आपल्या खुर्चीकडे गेले. 'पुढं'सुद्धा म्हणाले नाहीत.

तेवढ्यात पुणे आले. हार, पेढे, फोटो. मग साहेबांनी एक कागद काढला. नुसता सोपस्कार, म्हणाले, इथं सही करा. काकाजींनी कागद डोळ्यांपाशी धरला. "मराठीत सांगा."

"काही नाही हो. गुण किती द्यायचे याबद्दल कोणत्याही ग्राहकाला आमच्याकडून काही सांगितलं गेलेलं नाही, असं लिहिलंय."

शेटजींच्या केबिनमध्ये ते स्वतः, साहेब, काकाजी आणि पेढ्यांची पेटी धरून उभी असलेली मी. सही केली की काकाजी राहणार. नाही केली की काकाजी जाणार, आणि फोन कोणी केले हे निघालं की मीही जाणार. माझ्या घरी तेव्हा माझ्याच पगारावर चूल होती. मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. आजही सांगताना मान खाली जाते, पण मी पेटी धरून उभी राहिले.

काकाजींनी पेन ठेवलं. "सही नाही करत."

"म्हणजे? सांगितलं होतं का कोणाला?"

"माहिती नाही सांगू शकत."

"कोणी सांगितलं?"

"सांगतलं म्हणून लिहून देत नाही. नाही सांगतलं म्हणूनही लिहून देत नाही. या खिडकीवर एवढीच माहिती हाय."

साहेबांनी शेटजींकडे पाहिलं, शेटजींनी पंख्याकडे. साहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. त्यांनी तीनदा विचारलं. काकाजींनी तीनदा तेच उत्तर दिलं, त्याच आवाजात. शेवटी साहेबांनी सर्टिफिकेट पिशवीत परत घातलं. तिमाहीचा आकडा रद्द, आणि एक तारखेपासून नागपूरचा माणूस. जाताना त्यांनी एक पेढा उचलला, मग संकोचून परत ठेवला. काकाजी म्हणाले, "घ्या, घ्या. लांब जाचं हाय."

संध्याकाळी सहा-साडेसहाला शोरूम रिकामं होतं. काकाजी केबिनमध्ये, आमच्या डब्यांच्या मधे, फोन घेऊन बसले. माईकपाशी जन्म गेल्यानं त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. मी उठून जायला लागले तर हातानं खूण केली, बस. मी बसले.

"हां बाबा?" मुलगा. मागे ऑफिसचा आवाज. "आज मधेच फोन? बरे आहात ना?"

"नोकरी सुटली."

तो भराभर बोलायला लागला. काही काळजी करू नका, मी शनिवारीच येतो घ्यायला, सामान फार घेऊ नका, इकडे सगळं आहे. काकाजी ऐकत होते. मला वाटलं, आता गुडघ्याचा बहाणा निघेल, नाहीतर शेटजी सोडत नाहीत म्हणतील. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"मले यायचं नाही," ते म्हणाले.

"का? इथं कोणी काही बोललं का तुम्हाला? तुमच्या सुनेनं काही...?"

"कोणी काही बोललं नाही. तुमचं सारं चांगलं हाय. मले अथीच राहाचं हाय. नोकरी तं बहाणा होता. दोन वर्षं खोटं सांगून राह्यलो तुले."

मागचा आवाज बंद झाला, तो बहुतेक बाहेर जिन्यात आला असावा. मग त्यानं बोलायला तोंड उघडलं, तर ते पुण्याचं मराठी नव्हतं. चार वर्षांत मी त्याला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"मंग सांगाचं ना, बाबा. दोन वर्षांपासून मले वाटे का तुम्ही माह्यावर राग धरून हाय. आईच्या वेळेस मी उशिरा पोचलो, म्हणून येत नाही माह्या घरी."

काकाजींनी फोन टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी त्याच्या कडा धरल्या आणि त्याच्यावर वाकले. "नाही रे," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "नाही रे, वेड्या. नाही." इतक्या मोठ्यानं, की वर्कशॉपमधला पोऱ्या गाडीखालून बाहेर येऊन पाहायला लागला.

मी पर्स उचलली आणि दार लोटून बाहेर आले. नेरची बस केव्हाच सुटून गेली असणार. मी त्यांच्या दाराशीच्या खुर्चीवर बसले आणि त्यांचं बोलणं संपायची वाट पाहत राहिले.